मित्र गेला, आणि मी अजून त्याच्या घरी गेलो नाही

ताई, नमस्कार.

मी सोलापूरचा, मुरारजी पेठेत राहतो. हवालदार म्हणून पेन्शनवर आलो, नंतर बँकेत गार्ड होतो, आता घरीच असतो. शंकर आणि मी एकाच दिवशी बेळगावला भरती झालो. ट्रेनिंग एकत्र, पलटण एक, १९८७ ला श्रीलंकेत जाफन्यालाही एकत्र. तो सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला. दर रविवारी सकाळी आमचा फोन असायचा आणि दर वर्षी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जानेवारीतल्या यात्रेला, तो माझ्याकडे येऊन राहायचा. शोभेच्या दारूकामाच्या रात्री मात्र आम्ही होम मैदानावर कधी गेलो नाही. दारं-खिडक्या लावायच्या, रेडिओ मोठा करायचा आणि पत्ते खेळत बसायचं. का, ते घरात कोणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

दिवाळी झाल्यावर पलटणच्या ग्रुपवर त्याचा हार घातलेला फोटो आला. त्याच्या मुलाला फोन केला तर म्हणाला, काका, काल सगळं उरकलं. सात महिने डायलिसिस चालू होतं. मला शंकर एका शब्दाने बोलला नाही. प्रत्येक रविवारी माझ्याशी गप्पा मारत होता! मला इतका राग आला की मी दहाव्यालाही गेलो नाही. आता दीड महिना होईल. कुठल्या तोंडाने जाऊ?

घरात म्हणतात, सख्खा भाऊ गेला तेव्हा एवढं मनाला लावून घेतलं नव्हतं. खरं आहे. रात्री झोप लागत नाही, लागली तर जाफन्याचं दिसतं. इतक्या वर्षांत एवढं दिसलं नव्हतं. कॅन्टीनच्या कोट्यातली दारूची बाटली पूर्वी महिनाभर पुरायची, आता पुरत नाही.

आणखी एक. जाफन्यात आमच्याच बॅचचा तिसरा एक जण सुरुंगात सापडला. पोटाला लागलं होतं. हेलिकॉप्टर येईपर्यंत शंकर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. तो पाणी मागत होता. पोटाला लागलेल्याला पाणी द्यायचं नाही असं शिकवलेलं, म्हणून शंकरने दिलं नाही. मी शेजारीच होतो, माझ्या कमरेला बाटली भरलेली होती. हेलिकॉप्टर यायच्या आत तो गेला. पेन्शनवर आल्यापासून शंकर दर उन्हाळ्यात गावच्या एसटी स्टँडवर पाणपोई घालायचा. गाव म्हणायचं, मेजर समाजसेवा करतात. खरं काय ते मला एकट्याला माहीत आहे. मुलं आता पाणपोई बंद करायचं म्हणतात. त्यांना सांगू का?

— एक माजी सैनिक

(पत्र थोडं कमी केलं आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

दादा, नमस्कार.

जा. याच महिन्यात जा. दीड महिना झाला म्हणून वेळ निघून गेली असं समजू नका. दहाव्या-तेराव्यापर्यंत घरात माणसांची रीघ असते, कोण आलं आणि कोण गेलं ते घरच्या बाईला धड कळतही नाही. पाहुणे पांगतात, मुलं आपापल्या कामाला लागतात आणि मग घर खायला उठतं. शंकरच्या घरी वहिनींचे ते दिवस आता सुरू झाले असतील. दुखवट्याच्या घरी उशिरा आलेल्या माणसाला सहसा कोणी जाब विचारत नाही. मुलाने विचारलाच, तर खरं तेच सांगा: तुझ्या बापाचा राग आला होता. मुलाला ते समजेल. सात महिने आजारी बापाचं करणाऱ्या पोरालाही बापाचा राग आलेलाच असतो, फक्त तो कोणापुढे बोलून दाखवता येत नाही.

तुमच्या रागाबद्दल बोलते. शंकरने तुमच्यापासून आजार लपवला. निरोप घेण्याचा तुमचा हक्क त्याने परस्पर काढून घेतला. राग येणारच, आणि शंकर मेला म्हणून तो गिळून टाकायची गरज नाही. पण डायलिसिसचं घर आतून कसं असतं ते थोडं माहीत असू द्या. तिथे दुसरा विषय उरत नाही. आज वजन किती वाढलं, क्रिएटिनिन किती, गाडी किती वाजता सांगितली, मीठ कोणी जास्त टाकलं. येणारा-जाणारा प्रत्येक जण आधी पायाची सूज बघतो. अशा माणसाला आठवड्यात एक तास असा मिळत होता, ज्यात समोरचा त्याला तब्येत विचारत नव्हता. ट्रेनिंगच्या उस्तादांच्या शिव्या, लंगरची डाळ, कोण कुठे पोस्टिंगला होता, हे बोलणं चालू होतं. तुम्हाला सांगितलं असतं, तर पुढच्याच रविवारी तुम्हीही रिपोर्ट विचारायला लागला असता. तो तास त्याला तसाच ठेवायचा असावा, असं मला तुमचं पत्र वाचताना वाटत राहिलं. खरं-खोटं वहिनी सांगू शकतील. त्यांना विचारा, रविवारी माझा फोन झाल्यावर हा कसा असायचा?

आणि एका गोष्टीची मनाशी तयारी ठेवून जा. डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, ते अंगात साठतं, फुफ्फुसात उतरतं, म्हणून दिवसाला किती प्यायचं ते डॉक्टर ठरवून देतात. तहान मात्र असतेच. पाणपोई घालणाऱ्या माणसाचे शेवटचे महिने असे गेले असण्याची शक्यता मोठी आहे. वहिनींच्या तोंडून ते अचानक ऐकायला मिळण्यापेक्षा इथे वाचलेलं बरं, म्हणून लिहिते आहे.

आता घरातल्या बोलण्याविषयी. भाऊ गेला तेव्हा तुम्हाला सुतक होतं. दाढी केली नाही तरी चालत होतं, गप्प बसलात तरी कोणी हलवत नव्हतं, जेवायला आग्रह करायला चार माणसं होती. शंकर गेला त्या दिवशी घरात दूधवाला नेहमीसारखा आला असेल आणि संध्याकाळी कोणीतरी तुम्हाला लाइटबिल भरलं का विचारलं असेल. मित्राचं सुतक आपल्यात नसतं. सावडायला भावकी, दहाव्याला भावकी. चाळीस वर्षांचा सोबती असला तरी तो त्या गर्दीत मागे उभा राहणारा. तुम्ही तर तिथेही नव्हता. मग हे दुःख बाहेर पडणार कुठून? भावाच्या वेळी कमी रडलात यात भावाचा अपमान झाला नाही. त्या वेळी तुमच्याबरोबर रडायला घर होतं, एवढाच त्याचा अर्थ आहे.

रीत अगदीच कोरडी आहे असंही नाही. पितृपक्षातल्या महालयात वाडवडील, मामा-मावशा झाल्यावर शेवटी गुरु, शिष्य आणि आप्त यांच्यासाठीही तर्पण करतात. तुमच्याकडे महालय करायची पद्धत असेल, तर पुढच्या भाद्रपदात गुरुजींना शंकरचं नाव घ्यायला सांगा. त्याला कोणाची हरकत असायचं कारण नाही.

पण दुःख एवढं खोल का गेलं, याचं कारण मला दुसरीकडे दिसतं. १९७१ म्हटलं की लोकांना १६ डिसेंबर आठवतो, कारगिल म्हटलं की २६ जुलै. जाफन्याचं काय? जुलै १९८७ मध्ये भारत-श्रीलंका करार झाला, आपली शांतिसेना गेली, ऑक्टोबरात तिथे तमिळ बंडखोरांच्या एलटीटीईशी सरळ लढाई पेटली, मार्च १९९० मध्ये शेवटचे जवान परत आले. अकराशेच्या वर पोरं आली नाहीत. त्या लढाईचं 'ऑपरेशन पवन' हे नाव तुमच्या गल्लीत किती जणांना माहीत असेल? हे आपलं सोलापूर हुतात्म्यांना विसरणारं गाव नाही. मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली, आणि आजही गड्ड्याच्या त्याच दिवसांत चार पुतळ्यांना हार पडतात. तुमचा तिसरा मित्र कामी आला, त्यालाही जागा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात, त्यागचक्राच्या भिंतीवर, ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव कोरलेलं आहे. त्यात श्रीलंकेत पडलेलेही आहेत. कधी दिल्लीला जाणं झालं तर ती वीट शोधा.

जो धडधाकट परत आला, ज्याने पोरं वाढवली, शेती केली आणि साठीत किडनीच्या दुखण्याने गेला, त्याच्यासाठी मात्र कुठे दगड नाही. गावाला तो 'मेजर' म्हणून माहीत. जाफन्यातला तेवीस-चोवीस वर्षांचा शंकर तुमच्याशिवाय कोणाला माहीत होता? आणि त्या वयातले तुम्ही, घाबरलेले, धूळ खाल्लेले, तेही त्याच्याशिवाय कोणाला माहीत नाही. दारूकामाच्या रात्री रेडिओ का मोठा करायचा हे ज्याला सांगावं लागत नव्हतं, तो माणूस गेला. घरच्यांना हे दिसत नाही, कारण तुम्ही त्यांना कधी दाखवलंच नाही. बायकोला सांगा, दादा. सगळं नको, पण जाफन्याला गेलो होतो, तिथे आमचा एक जण गेला, फटाक्यांच्या आवाजाने मला अजून ते दिसतं, एवढं तरी सांगा. 'एवढं काय मनाला लावून घ्यायचं' हे त्या ज्या सुरात म्हणतात, त्यात मला चिडण्यापेक्षा भीती जास्त ऐकू येते. रात्री शेजारी दचकून उठणारा माणूस त्या बघताहेत.

आता पाण्याचं.

पत्रात तुम्ही एक वाक्य लिहून पटकन पुढे गेलात: 'माझ्या कमरेला बाटली भरलेली होती.' मी तिथेच थांबले. तुम्ही शंकरची गोष्ट सांगता आहात, पण ती बाटली तुमची होती.

पाणी दिलं नाही ते बरोबर केलं. पोटाला जबर जखम असलेल्याला तोंडाने काही देत नाहीत. आतडं फाटलं असेल तर प्यायलेलं पोटात पसरतं, आणि ऑपरेशनसाठी भूल देताना उलटी होऊन फुफ्फुसात जायचा धोका असतो. फार तर ओठ ओले करतात. तुम्हाला बेळगावला जे शिकवलं ते तुम्ही पाळलं, आजही प्रथमोपचारात तेच शिकवतात. आणि जरा त्या वेळेचा विचार करा. पाणी का दिलं नाहीत? कारण हेलिकॉप्टर येईल, ऑपरेशन होईल, तो वाचेल, असं तुम्हा दोघांना वाटत होतं. तो जाणार हे कळलं असतं, तर शंकरने हात पुढे केला असता आणि तुम्ही बाटली दिली असती. वाचवायच्या आशेने पाणी रोखलं होतं. एवढं असूनही कानात त्याचं पाणी मागणं राहतं, हे मी समजू शकते. शंकरने त्याच्यासाठी दर चैत्रात माठ भरले. तुम्ही इतकी वर्षं काहीच केलं नाहीत, म्हणून ते आता रात्री वर येत असावं.

वहिनींना सांगा. मुलांना लगेच नको. आणि सांगण्याआधी विचारा, पाणपोई का घालायचा हे तुमच्याशी कधी बोलला होता का? माजी सैनिकांच्या बायकांशी बोलताना मला पुन्हा पुन्हा दिसलं आहे की नवरा जे जागेपणी बोलला नाही, ते तिला त्याच्या झोपेतल्या बडबडीतून तुकड्यातुकड्याने माहीत असतं. फक्त ते तुकडे कुठे बसतात हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. वहिनींना माहीत नसेल तर थोडक्यात सांगा. जखम कशी होती, रक्त किती होतं, यात शिरू नका. त्याच्या मांडीवर मित्राचं डोकं होतं, तो पाणी मागत होता, द्यायचं नव्हतं म्हणून दिलं नाही, आणि मग हा जन्मभर लोकांना पाणी पाजत राहिला. एवढं पुरे. मुलांना सांगायचं की नाही, कधी सांगायचं, ते त्यांना ठरवू द्या. त्या घराचं त्या जाणतात.

एक मात्र पाळा. पाणपोई बंद पडू नये म्हणून ही गोष्ट सांगायची नाही. बापाच्या मनावरचं ओझं असं पोरांच्या डोक्यावर ठेवलं, तर तीन-चार उन्हाळे ती लाजेकाजेने ओढतील. त्यांची शेती असेल, नोकरी असेल, माणमध्ये पाण्याची वानवा आहेच. त्यांना बंद करायची असेल तर करू द्या. तुम्हाला ती चालू राहावी असं वाटत असेल, तर तुम्ही घाला. चार माठ, वर ओलं गोणपाट, झाकणं, दांड्याचं ओगराळं आणि सकाळी भरायला एक माणूस. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर असतो, पाण्याला माणसं कमी पडणार नाहीत. आपल्या गल्लीच्या तोंडाशी घातलीत तरी चालेल. वर पाटी लावा किंवा लावू नका.

आणि तिसऱ्या मित्राच्या घरी ही पाण्याची गोष्ट घेऊन जाऊ नका. त्याचे आई-वडील किंवा भावंडं कधी भेटली आणि विचारलं, तर शेवटी तो एकटा नव्हता, त्याचं डोकं दोस्ताच्या मांडीवर होतं, एवढं सांगा. पाणी मागत होता हे ऐकून आईला काय मिळणार?

जाताना बायकोला बरोबर न्या. सोलापूर-सातारा गाडी पंढरपूर, म्हसवडवरूनच जाते, दिवसाउजेडी पोचाल. आधी मुलाला फोन करा. काही गावांत दुखवट्याला जायचे वार ठरलेले असतात, तेही विचारून घ्या. बेळगावचा, पलटणीतला दोघांचा एखादा जुना फोटो असेल तर त्याची मोठी प्रत काढून न्या. हार घातलेला फोटो त्यांच्याकडे आहे, हा त्यांच्याकडे नसेल. गेल्यावर 'धीर धरा' म्हणू नका. शंकर पहिल्या दिवशी बेळगावला कसा दिसत होता, तिथून सुरू करा. तुमच्याकडे तो अर्धा आहे, उरलेला अर्धा त्यांच्याकडे. त्यांचंही ऐका, शेवटच्या महिन्यांचं ऐकायला जड गेलं तरी ऐका.

तुमच्यासारख्या माणसाची त्या घराला आणखी एका कामासाठी गरज असू शकते. वहिनींची फॅमिली पेन्शन सुरू झाली का, ते स्पष्ट विचारा. हा विषय काढायला लोक लाजतात आणि बाई महिनोन्‌महिने अडकून बसते. पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, डिस्चार्ज बुक, मृत्यूचा दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक एकत्र काढा. वहिनींचं नाव आणि जन्मतारीख सगळीकडे सारखीच आहे का बघा. माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, स्पेलिंग तिसरंच, यातच बहुतेक प्रकरणं अडतात. मृत्यूची नोंद संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर आणि रेकॉर्ड ऑफिसला झाली पाहिजे. सातारच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते. शंकरच्या खात्यावर त्याच्या मृत्यूनंतरच्या दिवसांची पेन्शन जमा झाली असेल, तर ती काढू नका म्हणावं, ती परत वसूल होते. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्डही बघा.

शेवटी तुमच्या तब्येतीचं, आणि यात मी मऊ बोलणार नाही. जुनी लढाई म्हातारपणी अशी उसळून येणं डॉक्टरांना नवीन नाही. पीटीएसडी म्हणतात त्याला. वर्षानुवर्षं गप्प बसलेलं एखाद्या मृत्यूने जागं होतं. यावर औषधं आहेत, बोलून करायचे उपचारही आहेत. दारूने झोप लवकर लागते, पण मध्यरात्रीनंतर तीच मोडते आणि स्वप्नं वाढतात. जे विसरायला पिता तेच पहाटे तीनला दिसतं. बाटली महिनाभर पुरत नाही असं तुम्ही स्वतःच लिहिलंत, म्हणजे तुम्हालाही हे खटकलेलं आहे. रोजची सवय झाली असेल तर एकदम बंद करू नका, हात थरथरणं, फिट येणं असा त्रास होऊ शकतो. डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने कमी करा. ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन मानसोपचारतज्ज्ञाचं रेफरल मागा. तिथे 'झोप येत नाही' एवढंच सांगून परत येऊ नका. 'जाफन्याला होतो, तेच दिसतं' असं सांगा. एखाद्या रात्री फारच जड झालं, जगणं नको वाटलं, तर १४४१६ लावा. टेलि-मानसचा नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

या वर्षीची दारूकामाची रात्र एकट्याने काढू नका. घरातल्या कोणाला तरी आधी सांगून ठेवा आणि त्याला पत्ते वाटायला बसवा, किंवा सरळ त्या दिवशी सोलापूरबाहेर जा. डॉक्टरांची भेट मात्र त्याच्या आधी व्हायला हवी. माणला जाण्याआधी झाली तर आणखी चांगलं.